पोऱ्याचं काम

मंडळी, तीन-चार महिने इकडे फिरकलो नाही. कुठे होतो म्हणाल तर गॅरेजात. अगदी शब्दशः. इथे कोव्हेंट्रीला घराला लागून एक गॅरेज आहे. शेजारपाजारचे लोक त्यात जुनी कपाटं आणि नाताळचं सामान ठेवतात, मी एक मोटार खोलून ठेवली आहे. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, सावकाश, फोटोबिटो टाकून. पण गेल्या आठवड्यात एक प्रकार घडला, म्हणून आता तावातावानेच लिहितोय. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग चोरून वाचतात हे मला ठाऊक आहे. आजचं लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. ज्याला लागेल त्याने लावून घ्यावं. :-)

तर झालं असं. शनिवारी संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर चाकाचा एक हब, शेजारी रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश आणि मनगटाच्या वरपर्यंत काळे झालेले माझे हात. खाली लिहिलं, "चारातला तिसरा." पाच मिनिटांत आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा निरोप: "इंजिनिअर होऊन इंग्लंडला गेलास आणि पोऱ्याचं काम करतोयस?" त्याखाली ओळीने अकरा हसरे चेहरे. काका, दोन्ही आत्या, एक भाचा. (भाच्या, नोंद घेतली आहे.) मीही एक हसरा चेहरा टाकून दिला. ग्रुपवर माणूस दुसरं करणार काय?

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काहीच टाकलं नाही. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. पहिलंच वाक्य, "तो फोटो काढून टाक."

त्या फोनवर पुढे जे बोलणं झालं ते नंतर सांगतो. आधी मी नेमकं काय करतोय ते सांगायला हवं, कारण "मोटार बांधतोय" म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं मी विकत घेतोय आणि उरलेल्यांना वाटतं मला वेड लागलंय.

ब्रिटनमध्ये किटकार नावाचा जुना नाद आहे. 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक अगदी सडपातळ, दोन माणसांची गाडी काढली. त्या काळी इथे तयार मोटारीवर पर्चेस टॅक्स नावाचा जबरदस्त कर असे. सुट्या भागांत घेतलेल्या गाडीवर तो नसे. त्यामुळे लोक खोकी घरी आणायचे आणि गाडी स्वतः जोडायचे. गंमत अशी सांगतात, की करमाफी हवी तर गाडीबरोबर जोडणीच्या सूचना देता येणार नाहीत अशी अट होती. मग लोटसवाल्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या. त्या शेवटाकडून वाचायच्या! 1973 साली व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. सवलत गेली तरी नाद राहिला. 1996 साली रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक आलं, 2007 साली ख्रिस गिब्ज यांचं त्याच धर्तीचं दुसरं आलं, आणि माझ्यासारखे कितीतरी लोक बायकोची बोलणी खायला लागले.

माझी गाडीही त्याच जातकुळीतली. पोलादी नळ्यांचा सांगाडा नवा. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चारही हब 1999च्या एका माझदा एमएक्स-5मधून काढलेले. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे या गाड्यांचा दाराखालचा पत्रा सडून जातो आणि आतली यंत्रं मात्र ठणठणीत असतात. म्हणून त्या अशा कामाला बऱ्या.

आता हब. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो ना, तेच मोटारीत हबचं काम. चाक याला बोल्टने बसतं, हा बेअरिंगमध्ये फिरतो, बेअरिंग अपराइट नावाच्या ओतीव तुकड्यात बसतं. गाडीचं सगळं वजन, वळणावरचा ओढा, ब्रेकचा धक्का, हे सगळं या वाटीएवढ्या लोखंडातून रस्त्यावर जातं. इंजिन बंद पडलं तर गाडी बाजूला लावता येते. हब तुटला तर चाक तुमच्या पुढे निघून जातं.

एमएक्स-5च्या पुढच्या चाकांचा हब बेअरिंगसकट एकसंध येतो. तो उघडून काही करता येत नाही. खराब झाला की नवा आणायचा. मी ते दोन्ही निमूट नवे आणले. मागचे दोन मात्र खोलता येतात. शिवाय एक जोडी भंगारवाल्याकडून जास्तीची आणली, म्हणून चार.

खोलायचं कसं, ते थोडक्यात. मधला 29चा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, एकदा उचलली की जोर लावता येत नाही. नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. मग कॅलिपर, डिस्क, शाफ्ट. अपराइटच्या तळाशी एक लांबलचक बोल्ट असतो, तो पंचवीस वर्षांत बुशमध्ये असा काही रुतलेला असतो की त्याच्यावर माझे दोन विकांत गेले. अपराइट सुटला की प्रेसखाली हब दाबून बाहेर काढायचा. तो येताना बेअरिंगची आतली अर्धी कडी स्वतःबरोबर घेऊन येतो. पुलर लावून ती वेगळी काढायची. मग सर्क्लिप, मग उरलेलं बेअरिंग.

आणि मग सुरू होतं ते काम, ज्याच्यावर अकरा जण हसले. धुणं.

काळं पडलेलं ग्रीस, ब्रेकची भुकटी, मीठ, गंज यांचा एक थर असतो. आधी लाकडी पट्टीने खरवडायचं. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवायचं. ब्रश, चिंध्या, परत रॉकेल. आट्यांमध्ये टोकदार काडी. एका हबला सहा-सात तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफीलासुद्धा रॉकेलचा वास येतो.

दादाने नंतर मला वेगळा निरोप टाकला. मनाने वाईट नाही हो तो. म्हणाला, "अरे गंमत केली. पण हिशोब बघ ना. तुझ्या एका तासाचा पगार गुणिले सात. त्यात नवा हब आला असता आणि वर जेवण झालं असतं. तुझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?"

हा हिशोब हल्ली सगळीकडे ऐकू येतो, म्हणून त्याला उत्तर देतो. दादा, माझा शनिवार कुणीही विकत घेत नाही. शनिवारी सात तास मी रॉकेलमध्ये हात घातले नसते, तर ऑफिसने मला सात तासांचे पैसे जास्त दिले नसते. मी सोफ्यावर पडून क्रिकेट बघितलं असतं. तू बघतोस तेव्हा तुला कुणी गुणाकार करून दाखवतं का? वेळेची किंमत आपल्याला फक्त हात काळे होतात तेव्हाच आठवते. पैशांचा हिशोब हे वरचं कारण आहे, खालचं वेगळंच आहे. मी फोटोत नवंकोरं इंजिन पुसत असतो तर तू "वा, क्या बात है" लिहिलं असतंस. धुतोय म्हणून पोऱ्या.

आता पोऱ्या म्हणजे कोण, हे ज्यांना शहरात वाढल्यामुळे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. ट्रकच्या गॅरेजात एक मिस्त्री असतो, त्याच्या हाताखाली दोन-तीन मेकॅनिक, आणि सगळ्यांच्या खाली एक पोरगा. पाने आणून देतो, चहा आणतो आणि सुटे भाग धुतो. त्याला नाव नसतं. "ए पोऱ्या." आपल्या घराघरांतून मुलांना जी धमकी दिली जाते, "अभ्यास नाही केलास तर गॅरेजात टाकीन", त्या धमकीतलं गॅरेज म्हणजे या मुलाची जागा. मेकॅनिकचीसुद्धा नव्हे, याची.

अण्णा 1965 साली, तेरा वर्षांचे असताना, कऱ्हाडला हायवेवरच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले. आजोबा गेले होते आणि मागे चार भावंडं होती. दादा, त्यातलं एक म्हणजे तुझी आई. तिच्या वह्यापुस्तकांचे पैसे बेअरिंगं धुऊन आले आहेत. तुला हे माहीत नव्हतं याबद्दल मी तुला दोष देत नाही, कारण मलाही निम्मंच माहीत होतं. घरात "अण्णा मेकॅनिक होते" एवढंच सांगायची पद्धत. पुढे ते खरोखरच उत्तम मेकॅनिक झाले, स्वतःचा गाळा घेतला. पण मला त्या गाळ्यात पाय ठेवायची बंदी होती. शाळेतून येताना डोकावलो तरी ओरडायचे. मी पाना हातात धरायला शिकलो तो इंग्लंडात, चाळिशीच्या तोंडावर, पुस्तकं वाचून. ज्याच्या घरी विहीर त्याने बाटलीतलं पाणी विकत घ्यावं, तसं.

तर तो रविवारचा फोन.

"तो फोटो काढून टाक."

"का, अण्णा?"

"कशाला लोकांना दाखवायचं."

मग मी गप्प, ते गप्प. फोन ठेवतात की काय असं वाटलं. पण खाकरले आणि म्हणाले, "आणि त्या हबच्या मानेवर ती रेघ कसली हाय?"

मला कुठलीच रेघ आठवेना. म्हटलं ग्रीसचा डाग असेल, मी धुतलाय सगळा.

"डाग असा सरळ नसतो. कॅमेरा चालू कर. जवळ आण."

फोन टेकवून ठेवला आणि हब हातात घेतला. जिथे बेअरिंगची आतली कडी बसते त्या गोल मानेवर, अगदी चकतीच्या मुळाशी, एक बारीक काळी रेघ होती. इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मी ती दोनदा पाहिली असणार, आणि दोन्ही वेळा ती डाग म्हणूनच पाहिली.

"परत रॉकेल मार. ब्रश घे. आता नख फिरव."

नख अडकलं.

तिथे काय झालं होतं ते मग कळलं. आधीच्या कुणीतरी कधीतरी हे बेअरिंग बदललं होतं. आतली कडी निघत नाही म्हणून ग्राइंडरने कापली, आणि ग्राइंडर कडीच्या पलीकडे जाऊन हबच्या मानेत घुसला. वरून नवी कडी दाबून बसवली की खाच झाकली गेली. मीही तेच करणार होतो. चिंधीने पुसला असता, वरून नवंकोरं बेअरिंग बसवलं असतं आणि समाधानाने कॉफी प्यायला गेलो असतो.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. "खडू हाय का घरात?" मुलीच्या फळ्याचा खडू होता. त्यांनी सांगितलं तसं केलं. हब रॉकेलमध्ये चांगला बुडवून ठेवला, काढून कोरडा पुसला, मानेवर खडूची पूड चोळली आणि थांबलो. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. पाच-सात मिनिटांत उमटली. खाच जिथे संपत होती तिथे ती थांबली नाही. एका बाजूने आणखी दोन-तीन मिलिमीटर पुढे गेली. म्हणजे खाचेतून तडा निघाला होता आणि चालायला लागला होता.

"भंगारात टाक," अण्णा म्हणाले. "आणि टाकायच्या आधी हातोड्याने ठोकून वाकवून टाक, म्हंजे दुसरा कुणी उचलून बसवायचा नाही."

मी कॉलेजात चार वर्षं हे शिकलोय, मंडळी. याला फटीग म्हणतात. धातू एका मोठ्या दणक्याने तुटत नाही, तर लहान लहान ओझं लाखो वेळा पडल्याने तुटतो, आणि सुरुवात नेहमी एखाद्या खाचेतून किंवा कोपऱ्यातून होते. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा कणा असाच तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर रँकिन यांनी असे तुटलेले कणे तपासून, तडा कणा जिथे जाड-बारीक होतो त्या खांद्यापासून आत सरकतो हे दाखवलं. पुढे जर्मनीत व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याचे नियम बसवले. माझ्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे वेळा फिरेल, आणि हबची मान प्रत्येक फेऱ्याला एकदा इकडून तिकडे ताणली जाईल. हजार किलोमीटरला साडेपाच लाख वेळा. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत चांगले मार्क पडले होते. रेघ मात्र दिसली ती सातवी शिकलेल्या माणसाला, सात हजार किलोमीटरवरून, मोबाइलवर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या डोळ्यांना.

दादा, तोच फोटो. तुला त्यात घाण दिसली. त्यांना रेघ दिसली.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. धुणं हे कामाच्या आधीचं हलकं काम आहे, खरं काम त्यानंतर सुरू होतं, असं आपण समजून चालतो. हे साफ चूक आहे. धुणं म्हणजेच तपासणं. धुताना बोट जिथे जातं तिथे नंतर कुणाचंही बोट जात नाही. इथे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी परीक्षा असते, आयव्हीए म्हणतात तिला, 2009पासून आहे. तपासनीस फार कडक असतात. कुठल्या कडेची गोलाई किती, आरसा कुठून दिसतो, ब्रेक कसे लागतात, सगळं बघतात. पण ते हब खोलून कडी काढून बघत नाहीत, आणि बघणं शक्यही नाही. ती खाच या जगात फक्त एकाच माणसाला दिसू शकते. जो धुतो त्याला.

आणि त्यालाच आपण उतरंडीत सगळ्यात खाली ठेवलंय. नुसतं खाली ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. आपण त्याचं बोलणंसुद्धा ऐकत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. रविवारी तो हब भंगाराच्या बादलीत टाकल्यावर अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आईलाही कधी सांगितली नव्हती. गॅरेजात लागल्यावर वर्षभराने त्यांनी एका ट्रकचा पुढचा हब धुताना त्याच्यावर एक केसासारखी रेघ पाहिली होती. मिस्त्रींना जाऊन सांगितलं. मिस्त्रींनी कानाखाली वाजवली. "तुला कुणी विचारलं? धुवायचं काम कर." हब परत चढला, ट्रक गेला.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय ठाव? परत आला न्हाई आमच्याकडं. चालला बी असंल वीस वर्षं." मग जरा वेळाने, "नंबर अजून पाठ हाय."

साठ वर्षं झाली या गोष्टीला. त्या ट्रकचं काहीही झालं नसेल, ती नुसती ओरखड्याची रेघही असेल. पण चौदा वर्षांच्या मुलाने बघितलेलं कुणी झुकूनसुद्धा बघितलं नाही, आणि तो मुलगा साठ वर्षं त्या ट्रकचा नंबर घेऊन जगतोय. "पोऱ्याचं काम" या तीन शब्दांत हे सगळं आहे, दादा. तुला ठाऊक नव्हतं म्हणून तू हसलास. आता ठाऊक झालं.

मला कल्पना आहे की यावर तीन आक्षेप येणार. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून मीच मांडतो.

एक: तुझा हा छंद आहे रे, अण्णांची गरज होती. तू हातमोजे घालतोस, थकलास की घरात जातोस, नाही जमलं तर नवा हब मागवतोस. बरोबर. अगदी बरोबर. रॉकेलने हाताला पडणाऱ्या भेगा अण्णांच्या बोटांवर अजून आहेत, माझ्या नाहीत. त्या कष्टाचं मी गोडवे गाऊन गाणं करणार नाही. म्हणूनच "सगळ्यांनी हात काळे करा, त्यात मोठा आनंद आहे" असला उपदेश मी करत नाहीये. ज्याला आवड नाही त्याने खुशाल करू नये. फक्त जो करतो त्याला हसू नये, आणि तो काही सांगत असेल तर उठून बघावं. एवढीच मागणी आहे.

दोन: मग काय लहान मुलांना परत गॅरेजात पाठवायचं? मुळीच नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला 2016च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे जवळपास सरसकट बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेरा वर्षांच्या अण्णांची जागा शाळेत होती. पण मुलं गेली म्हणून धुण्याचं काम गेलं नाही. आज ते एखादा वीस-बावीस वर्षांचा तरुण करतोय, आणि त्यालाही आपण पोऱ्याच म्हणतो.

तीन: कष्टाला मान नाही असं कुठे आहे, आपण तर कौतुक करतो! हो, करतो की. 2021च्या डिसेंबरात आमच्या कऱ्हाडपासून जवळच असलेल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांची गाडी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. भंगारातले भाग जमवून त्यांनी मुलासाठी चारचाकी बनवली, पायाने किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हे ओळखून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. 2022च्या जानेवारीत ती दिलीही. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ चार वेळा आला होता. दादा, त्यातला एकदा तूच टाकला होतास, "सलाम" असं लिहून. त्या गाडीसाठी लोहारांनी किती भंगार खरवडून, धुऊन, निवडून घेतलं असेल याचा विचार आला का मनात? कौतुक तयार वस्तूचं झालं, आणि तेही लांबच्या माणसाचं. घरातला माणूस तेच करायला लागला की आपल्याला लाज वाटते. सलाम व्हिडिओला आणि हसरे चेहरे भावाला. हा दुटप्पीपणा नाही तर काय आहे?

यावर कुणी म्हणेल की एका फोटोवरच्या थट्टेचं तू फारच मनावर घेतलंस. घेतलं. कारण माझ्यावरचं हसू मला लागलं नाही, ते ज्यांना लागलं त्यांनी मला फोटो काढून टाकायला सांगितलं. पंचाहत्तरीला पोचत आलेला माणूस, ज्याने चार भावंडं उभी केली, त्याला मुलाच्या काळ्या हातांचा फोटो लपवावासा वाटतो. अकरा हसऱ्या चेहऱ्यांतले चार त्याच भावंडांच्या घरातले होते. मी मनावर घेणार नाही तर कोण घेणार?

फोटो मी काढला नाही. अण्णांना तसं स्पष्ट सांगितलं. "तुझी मर्जी," म्हणाले. हे सगळं ब्लॉगवर लिहू का, असंही विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. पण गॅरेजचं नाव घालू नको. मिस्त्री आता न्हाईत, पोरं हायत त्यांची." म्हणून नाव नाही.

पुढचं म्हणजे, आता दर रविवारी सकाळी अकराला, त्यांच्या दुपारी, अण्णा फोनवर असतात. मी धुतो, ते बघतात. बेअरिंग धुऊन कोरडं असताना हवेच्या झोताने गरगरा फिरवलं म्हणून परवा सणसणीत शिवी खाल्ली. (आवाज छान येतो हो, पण वंगणाशिवाय फिरवलं की पृष्ठभाग खरवडतो.) काल तर आईने जेवायला हाक मारली आणि अण्णा तिला म्हणाले, "थांब, कामात हाय."

चौथा हब डब्यात भिजत पडलाय. रविवारी धुऊन झाला की फोटो टाकणार आहे, ग्रुपवरच, काळ्या हातांसकट. दादा, या वेळी मोठा करून बघ आणि तुला एखादी रेघ दिसते का ते कळव.

ता.क. कुणी खरंच असं काही खोलायला घेणार असेल तर दोन गोष्टी. ठोकून अडकवलेला नट परत वापरू नका, नवा आणा, आणि टॉर्क पान्यानेच आवळा. आणि जुन्या गाडीच्या ब्रेकची भुकटी कधीही हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, इथे त्यावर 1999 साली बंदी आली. ओलं करूनच पुसा. अण्णांच्या काळी ती तोंडाने फुंकायचे.